शाळेत नेट आलं, पण शेवटच्या बाकापर्यंत?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. शाळेला जोडणी मिळाली किंवा मिळणार आहे, पण ती सगळ्या मुलांच्या उपयोगी कशी पडेल? युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार जगातल्या सुमारे ४० टक्के प्राथमिक, ५० टक्के उच्च प्राथमिक आणि ६५ टक्के माध्यमिक शाळांना इंटरनेट आहे. या ‘आहे’त बरंच काही दडलेलं असतं. कार्यालयातल्या एकाच संगणकाला वायर लागली, तरी कागदावर शाळा ‘जोडलेली’च.

प्रश्न : आमच्या शाळेत ३५० विद्यार्थी आहेत. ३० संगणकांची प्रयोगशाळा आणि दोन वर्गांत प्रोजेक्टर. किती एमबीपीएसची (सेकंदाला किती मेगाबिट) लाइन घ्यावी? विक्रेता म्हणतो, ३० पुरेल. (एक मुख्याध्यापिका)

विद्यार्थी मोजू नका, एकाच वेळी चालू असणारी उपकरणं मोजा. मजकूर वाचणं किंवा प्रश्नमंजुषा सोडवणं याला एका उपकरणामागे अर्धा एमबीपीएससुद्धा लागत नाही. ४८० पिक्सेलच्या व्हिडिओला १ ते दीड लागतो, ७२०च्या व्हिडिओला अडीच-तीन आणि १०८०च्या व्हिडिओला ५च्या आसपास. प्रयोगशाळेतल्या तिसांनी एकदम ४८०चा व्हिडिओ लावला की ३० ते ४५ एमबीपीएस तिथेच गेले. दोन प्रोजेक्टरांचे १० आणि कार्यालयाचे ५ धरा. बेरीज साठपर्यंत जाते. वर पाव हिस्सा मोकळा ठेवा, म्हणजे ७५. बाजारात त्याच्या वरचा टप्पा साधारण १००चा असतो, तो घ्या. ३०च्या लाइनवर प्रयोगशाळा आणि प्रोजेक्टर एकत्र चालणार नाहीत.

प्रत्येक मुलाच्या हाती उपकरण येईल तेव्हाचं गणित वेगळं. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१४ साली शाळांसाठी दूरचं उद्दिष्ट म्हणून दर १,००० विद्यार्थ्यांमागे १ गिगाबिट, म्हणजे मुलामागे १ एमबीपीएस हे माप धरलं होतं. आज तेवढं घेण्याची गरज नाही. मात्र जी तार टाकाल ती पुढे तेवढं वाहू शकेल अशी टाका. वेग नंतर वाढवता येतो, भिंतीतली तार पुन्हा पुन्हा बदलता येत नाही.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असं लिहिलेलं असेल, तर किमान हमीचा वेग किती? सगळी गोम त्या ‘पर्यंत’मध्ये असते. एकच लाइन अनेक ग्राहकांत वाटलेली असते आणि नेमकी शाळेच्या वेळेत ती आखडते. दुसरी, अपलोडचा वेग. तीस मुलांनी प्रत्येकी ५ एमबीचा गृहपाठ चढवला तर ते १५० एमबी, म्हणजे १,२०० मेगाबिट होतात. ५ एमबीपीएसच्या अपलोडवर त्याला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ डाउनलोडही रखडतं, कारण पानं मागवणारे निरोपही त्याच अरुंद दारातून बाहेर पडतात. तिसरी, महिन्याची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो आणि बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येतो.

आणखी एक गळती कोणी हिशेबात धरत नाही, ती अपडेटची. ३० लॅपटॉपनी प्रत्येकी १ जीबीचं अपडेट मागवलं, तर १००ची लाइन अख्खी चाळीस मिनिटं त्यातच जाते, २०ची असेल तर तीन तास वीस मिनिटं. अपडेटची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा. विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ चालू केलं, तर एका यंत्राने उतरवलेलं अपडेट शेजारच्या यंत्रांना स्थानिक जाळ्यातूनच मिळतं.

प्रश्न : लाइन १००ची आहे, वेगचाचणीत ९० दिसतात. तरी वर्गात पान उघडत नाही. कधी ‘वाय-फाय जोडलं’ दिसतं पण पुढे काहीच हलत नाही. कोपऱ्यातल्या दोन वर्गांत तर रेंजच नाही. (एक संगणक शिक्षक)

म्हणजे नेट शाळेपर्यंत येतंय, शाळेच्या आत हरवतंय. यावर उपाय म्हणून आणखी महागडी लाइन घेणारे खूप भेटतात; तो पैसा वाया जातो. आधी दोष कुठे आहे ते शोधा. एक लॅपटॉप राउटरला तारेने जोडा आणि वेग मोजा. मग वर्गाजवळच्या स्विचला (एका तारेच्या अनेक जोडण्या करणारा डबा) तारेने, नंतर वर्गात अ‍ॅक्सेस पॉइंट या वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्राखाली वाय-फायवर आणि शेवटी मागच्या बाकावर. चारही मोजमापं वर्ग भरलेला असताना, सकाळी ११च्या सुमारास, सलग पाच दिवस घ्या. रिकाम्या शाळेत रविवारी मोजलेला वेग कोणाच्याच कामाचा नाही. आकडा ज्या टप्प्यावर कोसळतो, दोष तिथे.

तारेवरच कोसळत असेल, तर तार बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिच्यातून अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज पाठवली की ती तापते आणि पुढे व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची कॅट-६च घ्या. एका टप्प्याची लांबी १०० मीटरच्या आत हवी. गिगाबिटला आठही धागे लागतात. एखादा तुटला तर स्विच बहुधा गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरतो, तक्रार करत नाही. स्विचवरच्या दिव्याचा रंग तेवढं सांगतो. धागे पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे दिसले तर तो तुकडाच बदला.

वाय-फायवर कोसळत असेल, तर बहुतेक वेळा कारण एक असतं. कार्यालयातला घरगुती राउटर अख्ख्या इमारतीला पुरवण्याचा प्रयत्न चाललेला असतो, तोही लोखंडी कपाटामागून. मग कोणीतरी रिपीटर लावतो. साधा रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दोन लागोपाठ लावले की पाव. त्याऐवजी दर दोन वर्गांमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट छताला लावा, प्रत्येकाला स्विचपासून स्वतःची तार द्या आणि वीजही त्याच तारेतून न्या (याला पीओई म्हणतात). ८०२.३एएफ प्रकारचा स्विच दर पोर्टला १५.४ वॅट देतो, साध्या अ‍ॅक्सेस पॉइंटला ते पुरतात. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर ३० ते ४० चालू उपकरणं ठीक. डब्यावर २०० लिहिलेलं असलं तरी ती जोडता येतील एवढाच त्याचा अर्थ.

आता सेटिंग. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे : १, ६ आणि ११. शेजारच्या दोन वर्गांना एकच चॅनेल देऊ नका आणि या पट्ट्यात रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. नवी उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर वळवा. तो पट्टा भिंतीत अडतो, पण इथे तेच उपयोगी पडतं, कारण एका वर्गाचा गोंगाट दुसऱ्या वर्गात जात नाही. प्रक्षेपणाची ताकद ‘कमाल’वर ठेवण्याचा मोह टाळा. अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज फोनला दूरवर ऐकू येतो, फोनचं उत्तर मात्र तिकडे पोचत नाही. पडद्यावर पूर्ण दांड्या दिसतात आणि काम शून्य. शक्य असेल तर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने संथ दर बंद करा. दूर कोपऱ्यातलं एक संथ उपकरण हवेतला वेळ अडवून बसतं आणि बाकीचे सगळे त्याच्यामागे ताटकळतात.

‘जोडलं पण पान नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा पत्त्यांत आहे. घरगुती राउटर साधारण अडीचशे आयपी पत्ते (जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाला लागणारा क्रमांक) वाटतो आणि प्रत्येक पत्ता २४ तास धरून ठेवतो. सकाळच्या मुलांनी पत्ते घेतले, ती घरी गेली, दुपारच्यांना काही उरलं नाही. मुदत एक-दोन तासांवर आणा किंवा पत्त्यांची संख्या ५१०पर्यंत वाढवा.

आणि अचानक संपूर्ण शाळेचं नेट ठप्प झालं, स्विचचे सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर कोणीतरी मोकळी दिसलेली तार ‘नीट लावून’ टाकलेली असते, दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये! संदेश गोल गोल फिरत राहतात. ती तार काढली की जाळं शुद्धीवर येतं. स्विचमध्ये वळसा-रोधक म्हणजे एसटीपी ही सोय असेल तर ती चालू ठेवा. तसाच दुसरा उपद्रव म्हणजे कोणी घरून आणलेला राउटर उलट्या पोर्टात जोडणं. तो आपले वेगळेच पत्ते वाटू लागतो आणि अर्धी शाळा भलत्याच दारात उभी राहते.

प्रश्न : आमच्याकडे फायबर यायला अजून दोन-तीन वर्षं लागतील असं सांगतात. तोवर काय? मोबाइल, टॉवरवरची डिश की उपग्रह? (शाळा समितीचा सदस्य)

आधी मोबाइल जाळं तपासा, पण दांड्या बघून नको. राउटरच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो. तो उणे ९०च्या आसपास किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली असेल तर आशा सोडा. त्याच्याच शेजारी एसआयएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा असतो, तो १३च्या वर हवा. सिग्नल जोरदार पण एसआयएनआर शून्याजवळ असेल, तर गोंगाट फार आहे. तिथे अँटेना मोठी करून उपयोग नाही, तिची दिशा बदलून बघा. अँटेना छतावर आणि राउटर खाली अशी रचना करू नका. लांब कोअ‍ॅक्सियल तार अँटेनाने कमावलेलं सगळं खाऊन टाकते. मोडेम आत बसवलेलं बाहेरचं यंत्र छतावर लावा आणि तिथून साधी नेटवर्कची तार खाली आणा.

जवळच्या एखाद्या इमारतीत फायबर आलं असेल आणि ती शाळेच्या छतावरून दिसत असेल, तर ५ गिगाहर्ट्झची रेडिओ जोडी, म्हणजे दोन्ही छतांवर समोरासमोर लावलेल्या दोन डिश, हा उत्तम मार्ग आहे. पण ‘दिसते’ एवढं पुरेसं नाही. लहरी सरळ रेघेत जात नाहीत, मधोमध फुगलेल्या लांबट आकारात जातात. ३ किलोमीटर अंतराला ५.८ गिगाहर्ट्झवर हा फुगवटा मध्यावर सहा मीटरहून थोडा जास्त असतो. त्याचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेखाली पावणेचार मीटर, मोकळा हवा. हिवाळ्यात छान चाललेली जोडणी पावसाळ्यात बंद पडते ती पावसाने नव्हे, पालवी फुटलेल्या झाडाने. उंची ठरवताना झाडांची पुढच्या पाच वर्षांची वाढ धरा. रेडिओ वापरण्याचे स्थानिक नियमही आधी बघून घ्या.

उपग्रहाचे दोन प्रकार. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. निरोप जाऊन उत्तर परत यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या पुढे. धडे उतरवून ठेवायला चालेल, थेट संवादाला कंटाळवाणं. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर हा विलंब शंभर मिलिसेकंदांच्या बराच खाली येतो. त्यांना मात्र चारी बाजूंनी मोकळं आकाश लागतं (एका झाडाची फांदीसुद्धा दर काही मिनिटांनी तुटकपणा आणते) आणि ५० ते १०० वॅट वीज सतत लागते. सौर पॅनेलवर चालणाऱ्या शाळेने हा आकडा आधी बघावा, वेगाचा नंतर.

प्रश्न : आमची लाइन ४ एमबीपीएसची आहे आणि वाढण्याची शक्यता नाही. मग डिजिटल शिक्षण विसरायचं का?

विसरू नका. धडे शाळेतच ठेवा. दहा मिनिटांचा ४८०चा व्हिडिओ साधारण ७५ एमबी. चाळीस मुलांनी तो वेगवेगळा पाहिला तर ३ जीबी, म्हणजे तुमच्या लाइनवर शंभर मिनिटं. रात्री एकदा उतरवून शाळेतल्या सर्व्हरवर ठेवला तर अडीच मिनिटं, आणि दिवसा शून्य.

यासाठी ‘कोलिब्री’ आणि ‘किविक्स’ ही दोन मोफत साधनं पुरतात. कोलिब्रीत धडे, सराव आणि प्रत्येक मुलाची प्रगती राहते, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर इंटरनेटशिवाय नेता येते. किविक्स संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमधून दाखवतो. इंग्रजी आवृत्ती चित्रांसह १०० जीबीच्या आसपास, मराठी त्यामानाने अगदी लहान. सर्व्हर म्हणून ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक एका वर्गाला पुरतो. मला विचाराल तर जुना लॅपटॉप बरा, त्याला स्वतःची बॅटरी असते. रास्पबेरी पायच वापरायचा तर मजकूर मेमरी कार्डवर ठेवू नका. वीज गेली की कार्ड बिघडतं, त्यापेक्षा एसएसडी जोडा.

दोन अडचणी हमखास येतात. ‘इंटरनेट नाही’ असं दिसलं की फोन स्वतःहून ते वाय-फाय सोडतो आणि मोबाइल डेटावर जातो. तिथे ‘जोडलेलं राहू द्या’ हा पर्याय एकदा निवडावा लागतो. दुसरं, कोणी सुचवेल की स्क्विडसारखा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर लावा, तो पानं साठवून ठेवील. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे चालायचं. आता जवळपास सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर आहेत, बंद लिफाफ्यातलं पत्र प्रॉक्सीला वाचता येत नाही, मग तो साठवणार काय?

राउटरमध्ये एसक्यूएम ही रांग आवरणारी सोय असेल तर ती चालू करा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. बारीक लाइनवर याचा फरक विकतच्या कोणत्याही उपायापेक्षा जास्त जाणवतो, कारण एकाचं मोठं डाउनलोड बाकीच्यांना अडवत नाही.

प्रश्न : वीज दिवसातून दोनदा तरी जाते. किती क्षमतेची बॅटरी?

वॅट जोडा. फायबरचा डबा ८, राउटर १२, स्विच १० आणि चार अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून ४०. एकूण ७० वॅट. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याच वापराव्यात, त्यापुढे उपसली तर ती लवकर मरते. इन्व्हर्टर आणखी १५ टक्के खातो. उरले ५१०, म्हणजे सात तास. त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तेरा तासांच्या आसपास चालेल. बॅटरीवर फक्त जाळं ठेवा. पंखा आणि प्रिंटर त्या बोर्डावर लागले की हिशेब संपला. पुरवठादाराच्या रस्त्यावरच्या पेटीला बॅटरी आहे का, हेही विचारा, नाहीतर तुमचे दिवे चालू आणि लाइन मेलेली. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची तार नको, फायबर टाका. विजेचा लोळ कुठे पडला तरी काचेतून पलीकडे जात नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी नेट नाही. ऑनलाइन गृहपाठ दिला की तीच मुलं मागे पडतात, न द्यावा तर बाकीच्यांचे पालक नाराज. (सातवीच्या वर्गशिक्षिका)

तुमच्या वर्गापुरतं हे नाही. युनिसेफ आणि आयटीयूच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातल्या ३ ते १७ वर्षांच्या दोन तृतीयांश मुलांच्या, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. तेव्हा गृहपाठाचा नियम असा धरा : घरी नेट नसलेल्या मुलालाही पूर्ण गुण मिळवता यायला हवेत. नेट असलेल्यांना त्यातून जास्तीचं काही मिळालं तर मिळू दे, गुण नकोत.

आधी नेमकी माहिती काढा. ‘घरी इंटरनेट आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ फार सहज येतो. त्याऐवजी विचारा : फोन कोणाचा आहे? तो संध्याकाळी किती वेळ तुझ्या हातात असतो? भावंडं किती जण तोच वापरतात? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डेटा उरतो का? हे एकेकाला कागदावर विचारा. वर्गात ‘ज्यांच्याकडे नाही त्यांनी हात वर करा’ असं कधीही म्हणू नका. पुढच्या वेळी सगळेच ‘आहे’ म्हणतील. भाऊ आणि बहीण एकाच घरातले असले तरी दोघांची उत्तरं स्वतंत्र घ्या, फोन बहुधा त्यातल्या एकाकडेच असतो.

मग मजकूर हलका करा. दहा मिनिटांचं समजावणं ३२ केबीपीएसच्या ध्वनिफितीत २.४ एमबी होतं, तेच ४८०च्या व्हिडिओत ७५. वहीच्या पानांचे फोटो जोडून केलेली २० एमबीची पीडीएफ टंकलिखित करून दिली तर काहीशे केबीत बसते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध मुलालाही ती वाचता येते, फोटो येत नाही. एका दिवसाच्या कामाला ५ एमबीची कमाल मर्यादा घाला. मुदत त्याच रात्रीची नको, तीन दिवसांची ठेवा, म्हणजे शाळेत येऊन उतरवता येईल. पेन ड्राइव्हवर किंवा कागदावर दिलेलं काम तितकंच ग्राह्य.

प्रयोगशाळा शाळेच्या आधी एक तास आणि मधल्या सुट्टीत उघडी ठेवा. फक्त संध्याकाळी उघडली तर अंधाराआधी घरी पोचावं लागणाऱ्या मुली आणि दुरून येणारी मुलं आपोआप गळतात. हॉटस्पॉट घरी देण्याची योजना करणार असाल, तर आधी त्या घरापाशी सिग्नल येतो का ते पाहा, चार्जरसकट नोंद करून द्या आणि दहांमागे एक जास्तीचा ठेवा. हरवलेल्या यंत्राचे पैसे पालकांकडून घेण्याची अट घातलीत, तर ज्यांना गरज आहे तेच घेणार नाहीत.

प्रश्न : नको त्या साइट कशा रोखाव्यात?

राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा मोफत पत्ता घातक आणि प्रौढांसाठीच्या साइट गाळतो. मोठी मुलं ही चाळणी ओलांडतात हे गृहीत धरा. लक्ष ठेवायला माणूसच लागतो. चाळणी अती बारीक केली की शरीरविज्ञानाचा धडाही अडतो. चुकून अडलेली साइट एका तासिकेत सोडवता यायला हवी, म्हणून तो अधिकार शाळेतल्याच कोणाकडे तरी ठेवा. गुणपत्रकांचे संगणक मुलांच्या वाय-फायपासून वेगळ्या जाळ्यात ठेवा.

प्रश्न : सगळं बसवलं. आता ते सगळ्या मुलांना सारखं मिळतंय हे कळणार कसं?

प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून. ३० संगणक, दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे ७५० यंत्र-तास. ३५० मुलांत वाटले तर प्रत्येकाला दोन तासांहून थोडे जास्त यायला हवेत. आता वर्गनिहाय खरे तास लिहा. पुष्कळदा परीक्षेच्या वर्षातले वर्ग बरेच तास घेऊन जातात. एका संगणकावर दोघं बसत असतील, तर माउस कोणाच्या हातात होता तेही लिहा, आणि अर्ध्या तासिकेला जागा बदला.

महिन्यातून एकदा बंद उपकरणं मोजा. एखाद्या वर्गातला अ‍ॅक्सेस पॉइंट बिघडून तीन आठवडे तसाच राहिला, तर त्या वर्गापुरती शाळा जोडलेली नव्हती. एक जादा अ‍ॅक्सेस पॉइंट, एक पीओई इंजेक्टर, दहा तयार तारा, आरजे-४५ची जोडटोकं, क्रिम्पिंग टूल आणि केबल टेस्टर कपाटात ठेवा. कपाटाची किल्ली दोघांकडे असू द्या. कोणती तार कुठून कुठे जाते त्याचा नकाशा स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा, आणि तारांच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहा.